मोटार : सुरक्षा, सोय आणि शान

आगाशी हे मुळात वाड्यांचे गाव. राजेळी केळ्यांची सुकेळी, पानवेली आणि भवानीशंकराचे देऊळ ही त्याची जुनी ओळख. विरार स्थानकाकडून आगाशीवरून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता आणि त्याला फुटणाऱ्या आळ्या बैलगाडी, सायकल व पायी चालणारा माणूस यांच्या मापाने घडल्या. २००९ साली वसई-विरार महापालिका स्थापन झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण कुंपणांमधल्या आळ्यांची रुंदी फारशी वाढली नाही. वाढली ती मोटारींची संख्या, आणि संख्येपेक्षाही त्यांचे आकारमान.

शिक्षक, बँकेतील कर्मचारी, कचेरीतील कारकून यांच्या घरात आज मोटार घेण्याचा विचार होतो तेव्हा प्रश्न केवळ 'घ्यावी की नाही' एवढाच राहत नाही. 'लहान मोटार घ्यावी, की कर्ज थोडे वाढवून 'प्रीमियम' म्हणवणारी घ्यावी?' हा खरा प्रश्न असतो. विक्रेता सहा एअरबॅगा दाखवतो, काचेचे छत दाखवतो, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि भला मोठा पडदाही दाखवतो. घराखालोखाल आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी तीच असल्यामुळे या प्रश्नाला शौकाचा प्रश्न म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे.

त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, याचे कारण विक्रेत्याने एकाच गाठोड्यात तीन निराळ्या वस्तू बांधलेल्या असतात. पहिली सुरक्षा, दुसरी सोय आणि तिसरी शान. तिन्हींची किंमत एकत्र सांगितली जाते. परंतु तिन्हींचे मोल सारखे नसते. गाठोडे सोडून प्रत्येक वस्तू वेगळी तोलली, तरच हिशेब लागतो.

चारोटीचा धडा

सुरक्षेविषयी बोलताना या जिल्ह्याला दूर जाण्याची गरज नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज-बेंझ मोटार आदळली आणि टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागच्या आसनांवर होते. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. उत्पादक कंपनीने दिलेल्या माहितीनुसार मोटारीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता. ब्रेक लावल्यानंतर प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी तो ८९ होता.

ताशी ८९ किलोमीटर या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. मोटार आदळून थांबते, पण आतला न बांधलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग म्हणजे सुमारे ३१ मीटर उंचीवरून, दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणाऱ्या माणसाचा जमिनीवर आपटतानाचा वेग. दहाव्या मजल्याच्या कठड्यावर कोणी निष्काळजीपणे बसत नाही. मोटारीच्या मागच्या आसनावर मात्र सारेच बसतात. एअरबॅग ही पट्ट्याची पूरक आहे, त्याची जागा घेणारी नव्हे. पट्टा शरीराला आसनाशी धरून ठेवतो, म्हणून एअरबॅगला आपले काम करता येते.

या दुर्घटनेत दुसरीही एक गोष्ट होती. तीन पदरांचा रस्ता पुलापाशी दोन पदरांचा होत होता, आणि पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्टीत पुढे आलेला होता. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी या रचनेत दोष दाखवला. म्हणजे मोटार उत्तम, पण रस्ता सदोष आणि पट्टा तसाच लोंबत राहिलेला. पैशाने विकत घेता येण्याजोगी सर्व सुरक्षा तेथे होती. जी फुकट मिळते ती पट्ट्याची सुरक्षा वापरली गेली नाही, आणि जी शासनाने द्यावयाची ती रस्त्याची सुरक्षा दिली गेली नाही.

हा दोष एका कुटुंबाचा किंवा एका वर्गाचा नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १६ हजार ७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यांत चालक व प्रवासी जवळजवळ निम्मे-निम्मे होते. मागच्या आसनावरही पट्टा लावण्याचा नियम जुनाच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो मोडणाऱ्याला एक हजार रुपये दंडही आहे. नियम आहे, दंड आहे; नाही ती फक्त सवय.

सुरक्षा श्रीमंतांपुरती नको

तरीही 'सारे काही पट्ट्यावरच अवलंबून आहे, मग महागड्या यंत्रणा कशाला?' असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. सुरक्षेचा इतिहास नेमके उलट सांगतो. तीन बिंदूंवर बांधणारा आजचा पट्टा १९५९ साली व्होल्व्हो कंपनीत निल्स बोलिन या अभियंत्याने तयार केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले ठेवले. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी, त्यामुळे मोटार वळवता येईल अशी ठेवणारी एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये प्रथम मर्सिडीजच्या सर्वांत महागड्या मोटारींत आली. भारतातील सर्व नव्या मोटारींत ती सक्तीची होण्यास २०१९ साल उजाडले. म्हणजे श्रीमंताच्या मोटारीतून सामान्याच्या मोटारीपर्यंत पोहोचण्यास एका चांगल्या शोधाला चाळीस वर्षे लागली.

येथे श्रीमंत ग्राहकाचे थोडे ऋण मान्य केले पाहिजे. नव्या यंत्रणेचा प्रारंभीचा भारी खर्च तो उचलतो. उत्पादन वाढते, किंमत उतरते आणि मग तीच वस्तू इतरांना परवडते. परंतु ही उतरंड आपोआप वेग घेत नाही, तिला कायद्याचा आणि माहितीचा धक्का लागतो. २०१४ च्या आरंभी 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात लोकप्रिय असलेल्या पाच लहान मोटारी आदळवून तपासल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या त्या पाचही मोटारींना एकही तारा मिळाला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरलाही मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशाची स्वतःची तपासणी सुरू झाली. ज्या बाजारात पूर्वी फक्त मायलेज विचारले जाई, तेथे आता तारे विचारले जातात, हा बदल लहान नाही.

म्हणूनच शासनाने अर्ध्या वाटेत थांबावे हे खटकते. सर्व मोटारींना सहा एअरबॅगा सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव जानेवारी २०२२ मध्ये पुढे आला, तो वर्षभर लांबणीवर पडला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अशी सक्ती होणार नाही असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले. भारत एनकॅपची तपासणीही ऐच्छिक आहे. सक्ती केल्यास लहान मोटार महाग होईल, हा आक्षेप खोटा नाही. परंतु जीव वाचवणारी वस्तू 'वरच्या श्रेणी'त ढकलून ती काचेच्या छताबरोबरच विकायची, हे कोणत्या न्यायात बसते? छत नको असलेल्या ग्राहकालाही सुरक्षेसाठी छताचे पैसे मोजावे लागतात. ही जोडविक्री बंद करणे हे शासनाचे काम आहे.

रस्त्याविना यंत्र

चालकाच्या मदतीच्या नव्या यंत्रणांचा विचार थोडा निराळा करावा लागतो. मोटार आपल्या पदरात ठेवणारी, पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी, धोका दिसताच स्वतः ब्रेक लावणारी अशी ही यंत्रे कॅमेरा व रडार यांच्या डोळ्यांनी पाहतात. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून अशा काही यंत्रणा सर्व नव्या मोटारींत सक्तीच्या केल्या. थकलेल्या चालकाला महामार्गावर त्या उपयोगी पडतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु पदर ओळखायचा तर रस्त्यावर पांढरी रेघ हवी. आगाशीच्या आळीत रेघ कोठून येणार? एका बाजूला वाडीचे कुंपण, दुसऱ्या बाजूला मासळीची टोपली घेऊन निघालेली बाई, मध्येच आडवी घुसणारी रिक्षा. अशा जागी यंत्र एक तर सारखे ओरडत राहते, किंवा चालक ते बंद करून टाकतो. अर्थशास्त्राच्या भाषेत या पूरक वस्तू आहेत: चहा आणि साखर यांच्यासारख्या. यंत्र खासगी, रेघ सार्वजनिक. दुसरी नसेल तर पहिलीचे मोल घटते. लाखभर रुपये जादा देऊन घेतलेले यंत्र महापालिकेने न मारलेल्या रेघेवाचून आंधळे ठरते.

शिवाय मोटारीच्या आत बसलेल्याचाच विचार करून भागत नाही. २०२२ मधील मृतांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू मोटारीबाहेरच्यांचे. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, मोटार सुरक्षित झाली की चालक अधिक बेफिकीर होतो आणि धोका आतून बाहेर, पादचाऱ्याकडे सरकतो. त्यांचा निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरला, तरी त्यातील इशारा विसरण्याजोगा नाही. उंच, जड आणि रुंद मोटार आतल्याला निर्धास्त करते. सायकलवरच्या शाळकरी मुलाला मात्र ती अधिक भयंकर असते. ज्या यंत्रणेने या मुलासमोर मोटार थांबते ती घ्यावी. ज्या आकारमानाने त्याची वाट अडते त्याचे कौतुक नको.

मोठ्या पडद्यांविषयी तर उत्पादकांच्या देशांतही शहाणपण परतू लागले आहे. इंडिकेटर, वायपर, भोंगा यांसारख्या गोष्टींसाठी हाताला लागणारे साधे बटन किंवा दांडा नसेल तर २०२६ पासून सर्वोच्च गुण मिळणार नाहीत, असे 'युरो एनकॅप'ने जाहीर केले. जे बटन चालक न पाहता दाबतो, ते काढून पडद्यात दडवणे म्हणजे प्रगती नव्हे.

हप्त्यांचे गणित

आता खिशाचा हिशेब. एका कुटुंबाजवळ तीन लाख रुपये रोख आहेत असे समजू. नऊ लाखांची मोटार घेतल्यास सहा लाखांचे कर्ज होते. नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी त्याचा मासिक हप्ता सुमारे ९ हजार ६५० रुपये येतो. अठरा लाखांची घेतल्यास पंधरा लाखांचे कर्ज आणि हप्ता सुमारे २४ हजार १३० रुपये. म्हणजे दरमहा साडेचौदा हजारांचा फरक, तोही सात वर्षे. विमा, टायर आणि दुरुस्ती यांतील वाढ निराळीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा करानेही हे अंतर अधोरेखित केले आहे.

एवढे देऊन मोटार चालते किती? आगाशीचा नोकरदार रोज सकाळी विरार स्थानक गाठतो आणि चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर लोकलच्या गर्दीत उभ्याने काढतो. त्याची मोटार आठवड्यातले पाच दिवस अंगणात उभी असते. ज्या प्रवासात त्याचे हाल होतात तेथे ती त्याच्या कामी येत नाही; सुटीच्या दिवशी नातलगांकडे जाण्यासाठी लहान मोटारही पुरते. त्या साडेचौदा हजारांत मुलीचे उच्च शिक्षण, आईवडिलांच्या आजारपणाची तरतूद किंवा स्वतःच्या म्हातारपणाची बेगमी होऊ शकते. वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी सोडून द्याव्या लागलेल्या दुसऱ्या गोष्टीत असते. हा अर्थशास्त्राचा पहिला धडा विक्रेत्याच्या पत्रकात छापलेला नसतो.

अर्थात पाठीच्या दुखण्यामुळे चांगले आसन हवे असलेल्याला, वृद्ध मातापित्यांना वरचेवर दूर न्यावे लागणाऱ्याला किंवा रोज महामार्गावर शेकडो किलोमीटर चालवणाऱ्याला सोयीसाठी जादा पैसे देणे परवडतेही आणि शोभतेही. सोय ही वापराच्या प्रमाणात विकत घ्यावी, एवढेच.

शानेची शर्यत

शेवटी उरते ती शान. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले; फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये असे दाखवले की, काही वस्तूंचे सुख त्या इतरांजवळ नसण्यातच असते. आळीत पहिली मोठी मोटार येते तेव्हा ती मान मिळवते. पाचवी येते तेव्हा पहिलीचा मान संपतो आणि पाचही घरांवर कर्ज उरते. सुरक्षेचे तसे नसते. शेजाऱ्यानेही चांगले ब्रेक असलेली मोटार घेतली तर पहिल्याची सुरक्षा घटत नाही, उलट वाढते. शान वाटली की कमी होते, सुरक्षा वाटली की वाढते. दोहोंतील हा भेद ध्यानात आला की कोणत्या वस्तूसाठी कर्ज काढावे आणि कोणत्या वस्तूसाठी काढू नये, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज उरत नाही.

पैसे ज्याचे त्याने खर्च करावेत, हे खरे. परंतु घेणाऱ्याने मोटारीच्या नावाआधी तारे विचारावेत, एबीएस आणि एअरबॅगांवर काटकसर करू नये, छत आणि पडदे यांवर जरूर करावी. शासनाने जीव वाचवणारी यंत्रणा सर्वांत स्वस्त मोटारीतही सक्तीची करावी; महापालिकेने रेघा, दिवे आणि पदपथ द्यावेत; रेल्वेने लोकल वाढवाव्यात. आणि सर्वांत आधी, मागे बसणाऱ्याने पट्टा लावावा. त्याला हप्ता पडत नाही.