मुदत तीस दिवसांची

बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर हुंड्यांच्या मुदती सांभाळल्या. मुदत टळली की काय होते, हे व्यापारी कुटुंबांतील वाचकांना मी सांगावयास नको. मात्र एक मुदत अशी आहे की ती टळल्यास कोणतेही व्याज भरून नुकसान भरून येत नाही. तिची ओळख मला माझ्याच चुकीतून झाली.

माझी पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जुळी बाळे ३१व्या आठवड्यातच जन्मली. एकाचे वजन १४०० ग्रॅम, दुसऱ्याचे १२५०. पंचवीस दिवसांनी ती घरी आली. रुग्णालयाच्या कागदावर शेवटी एक ओळ होती : तीस दिवसांच्या आत डोळ्यांची तपासणी. डोळे तर स्वच्छ, टपोरे दिसत होते. मी वडीलकीने म्हणालो, “सव्वा महिना होऊ द्या, मग नेऊ.” पुतणी म्हणाली, “मोठे काका, तारीख लिहून दिली आहे.” अठ्ठाविसाव्या दिवशी ती दोघांना घेऊन गेली. एक बाळ निर्दोष ठरले. वजनाने लहान असलेल्याच्या दृष्टिपटलावर आजार पुढे गेला होता. दोन दिवसांत लेझर उपचार झाले आणि दृष्टी वाचली. माझे ऐकले असते तर?

या आजारास ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’ म्हणतात. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या १६व्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात आणि दिवस भरत आले की ती वाढ पूर्ण होते. बाळ आधीच जन्मले तर हे काम अपुरे राहते. पुढे वाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढला जातो व सुटूही शकतो. बाहेरून यातले काहीच दिसत नाही.

धोका कोणास? ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांस. श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, रक्त चढवावे लागणे, वजन संथपणे वाढणे यांनी तो वाढतो. अशा वेळी ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाचीही तपासणी करतात. अतिशय लहान बाळांची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच व्हावी लागते.

प्राणवायूचा संबंध तर इतिहासाने शिकविला. १९४२ साली अमेरिकेत डॉ. टेरी यांनी हा आजार प्रथम नोंदविला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखविले. पुढे प्राणवायू फारच आखडता घेतला, तेव्हा बालके दगावू लागली. प्राणवायू जीवनदायी आहे. तो मोजून द्यावा लागतो, एवढेच. म्हणून पेटीजवळील यंत्रावर त्याचे प्रमाण सतत पाहिले जाते.

पहिली तपासणी निर्दोष आली म्हणजे खाते बंद झाले, असे नव्हे. वाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुनःपुन्हा जावे लागते.

आपल्या घरी कमी दिवसांचे बाळ आले, तर तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. कागदावर तारीख नसेल तर विचारून घ्यावी. आणि वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी सव्वा महिन्याची आठवण न काढता गाडी काढावी.