कोठडीतलं कॉलेज आणि सरकारचा हिशेब

'तुरुंगातल्या बाईला कॉलेज हवंय कशाला?' या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या संसदेनं १९९४ साली परस्पर देऊन टाकलं. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी 'पेल' ही सरकारी मदत त्या वर्षीच्या गुन्हेगारीविरोधी कायद्यानं कैद्यांपुरती बंद केली. प्रामाणिक आईबापांच्या मुलांचा घास कैदी पळवतात, अशी ओरड होती. प्रत्यक्षात एकूण रकमेतला शेकडा एक भागही कैद्यांकडे जात नव्हता.

कैदी म्हणजे कोण, हे ओरडणाऱ्यांना ठाऊक होतं. त्या देशात काळे लोक शंभरात तेरा-चौदा, तुरुंगात मात्र जवळजवळ एक तृतीयांश. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत त्यांना अक्षर शिकवणं हाच गुन्हा होता! जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक ती प्रथा मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. पण १८६५ च्या ज्या घटनादुरुस्तीनं ती मोडली, तिच्यातच एक फट ठेवलेली होती: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी चालेल. म्हणजे तुरुंगात राबायला हरकत नाही, शिकायला मात्र आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स या स्त्रियांच्या तुरुंगातलं कॉलेज १९९५ मध्ये बंद पडलं. तिथे बहुतेक जणी काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या. कित्येकींची शाळा लहानपणीच सुटलेली. पण त्या गप्प बसल्या नाहीत. तुरुंगाचे अधिकारी, आसपासची कॉलेजं, बाहेरचे कार्यकर्ते यांना हाताशी धरून १९९७ मध्ये त्यांनी देणग्यांवर वर्ग पुन्हा उभे केले. २००१ साली या कॉलेजवर अहवाल निघाला, त्यात कैदी स्त्रिया स्वतः संशोधक होत्या. कॉलेज न केलेल्यांपैकी शेकडा तीस जणी तीन वर्षांच्या आत पुन्हा तुरुंगात आल्या. कॉलेज केलेल्यांपैकी शेकडा आठही नाहीत.

हा आकडा उपयोगी आहे, वाद घालताना मीही तो पुढे करते. पण प्रत्येक वेळी जीभ अडखळते. श्रीमंताच्या मुलाला कुणी विचारतं का, 'तू शिकलास तर सरकारचे किती वाचतील?' काळ्या कैदी बाईनं मात्र आधी 'मी परत येणार नाही' अशी हमी द्यायची, मग पुस्तक उघडायचं. तिला इतिहास नुसता जाणून घ्यायचा असेल तर? जन्मठेपेची असेल, बाहेर जाणारच नसेल तर? तिच्या शिक्षणाचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडणार?

२०२० च्या डिसेंबरमध्ये बंदी उठवणारा कायदा झाला, आणि १ जुलै २०२३ पासून मदत पुन्हा खुली झाली. १९९४ साली विशीत असलेली बाई तोवर पन्नाशीला आली. शिवाय पैसे आले म्हणून सगळं सुरळीत होत नाही. गिनती लांबली की तास बुडतो, झडतीत वह्या विस्कटतात. बदलीचा हुकूम आला तर सत्र अर्धं टाकून दुसऱ्या तुरुंगात जायचं; तिथे कॉलेज असेलच असं नाही.