विटा झेलणारे हात

शेजारी बांधकाम चालू असलं की गॅलरीतून एक दृश्य तुम्ही हमखास पाहिलं असेल. खालचा मजूर वीट वर भिरकावतो आणि परांचीवरचा ती अलगद झेलून बाजूला ठेवतो. लगेच दुसरी, मग तिसरी. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण त्या दोघांना त्याचं काही नसतं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात क्रॉफर्ड नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका गवंड्याचा मुलगा वडिलांच्या हाताखाली काम करताना असाच परांचीवर उभा राहून भावांनी फेकलेल्या विटा झेलायचा. त्याचं नाव जेरी राइस. जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, आठ भावंडांतला एक. पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू झेलण्याच्या कामात त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही, असं जाणकार सांगतात.

"हे खेळाचं पान ह्यांना द्या, आम्हाला काय करायचंय!" असं म्हणून पान उलटू नका हं. ही हकीगत जेवढी खेळाची आहे तेवढीच धाकाची आहे. आणि धाक म्हटला की तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतोच.

आधी तो खेळ थोडा समजून घेऊ. नाव फुटबॉल, पण पायाचं काम त्यात बेताचंच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, लहानशा पपईसारखा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू फेकतो आणि रांगेच्या टोकाला उभा असलेला 'वाइड रिसीव्हर' पुढे धावत जाऊन तो झेलतो. झेल घेतो न घेतो तोच दोन-तीन दांडगे गडी त्याच्या अंगावर कोसळतात. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोचला की 'टचडाउन', म्हणजे सहा गुण. यातली खरी मेख वेगळीच आहे. रिसीव्हरनं किती पावलं पळायचं, कुठं वळायचं, हे आधीच ठरलेलं असतं, आणि पुष्कळदा तो वळण्याआधीच चेंडू फेकणाऱ्याच्या हातून सुटलेला असतो. एक पाऊल चुकलं की चेंडू रिकाम्या जागेत पडलाच म्हणून समजा.

जेरीच्या आईला हा खेळ मुळीच पसंत नव्हता. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी तिनं त्याला संघात जाऊ दिलं नाही. (आई इकडची काय नि तिकडची काय!) पण एके दिवशी तास बुडवून बाहेर रेंगाळत असताना उपमुख्याध्यापक मागून आले. त्यांना पाहून पोरगा असा काही सुसाट सुटला की ते बघतच राहिले. शिक्षा व्हायची ती झालीच, पण त्यांनी त्याचं नाव फुटबॉलच्या प्रशिक्षकांना कळवलं. कारकीर्द सुरू झाली ती अशी, पकडले जाण्याच्या भीतीनं पळण्यातून.

मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही. मिसिसिपी व्हॅली स्टेट हे कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं एक लहान विद्यापीठ, तिथे तो गेला आणि तिथे त्यानं विक्रमांची रास घातली. १९८४ च्या ऑक्टोबरात सान फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले होते. हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावला, तर त्यावर हा मुलगा! १९८५ साली व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून वॉल्शनी सोळाव्या क्रमांकावर त्याला उचललं. तो फार वेगवान नाही, असं तेव्हा कित्येकांचं मत होतं.

आणि पहिल्याच वर्षी काय व्हावं? विटा झेलणाऱ्याच्या हातून चेंडू सुटायला लागले. घरच्या मैदानावर, आपल्याच माणसांनी त्याची हुर्यो उडवली. तेवीस वर्षांचं पोर, लहान गावातून एवढ्या मोठ्या शहरात आलेलं. डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाविरुद्ध एकाच सामन्यात २४१ यार्ड काढून त्यानं लोकांची तोंडं बंद केली, पण ती हुर्यो मनातून गेली नसावी. कारण पुढची वीस वर्षं त्यानं ज्या तऱ्हेनं सराव केला, तो ऐकून आपली छाती दडपते.

सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला एजवूड पार्क नावाची टेकडी आहे. अडीच मैलांच्या आसपास चढ. हंगाम संपला की बाकीचे खेळाडू सुट्टीवर जात, हा सकाळी ती टेकडी पळत चढायचा आणि दुपारी वजनं उचलायचा. आठवड्यातले सहा दिवस. त्याच्याबरोबर सरावाला आलेले कित्येक धडधाकट खेळाडू अर्ध्यात टेकीला येत. सरावातही त्याची एक सवय होती. झेल लहान असो की मोठा, चेंडू हातात आला की तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत धावत जाणार. कुणी अडवायला नसलं तरी. मला या माणसाचं सगळ्यात कौतुक वाटतं ते इथे. गर्दीसमोर पळणारे पुष्कळ असतात.

फळ मिळालं नाही असं नाही. १९८७ साली संपामुळे त्याला बाराच सामने मिळाले, त्यांत त्यानं २२ टचडाउन झेलले. जानेवारी १९८९ मध्ये मायामीला सुपर बोल, म्हणजे वर्षाचा अंतिम सामना झाला. घोटा दुखावलेला असताना त्यानं ११ झेल आणि २१५ यार्ड काढले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. विजयाचा शेवटचा झेल मात्र त्याचा नव्हता. विरोधकांचं लक्ष त्याच्यावर खिळलेलं, तेवढ्यात चेंडू गेला जॉन टेलरकडे. सिनसिनाटीवर २०-१६ असा विजय मिळाला. पुढे १९९० आणि १९९५ मध्येही त्याच्या संघानं ही स्पर्धा जिंकली.

आता १९९७ सालचं ऐका. ३१ ऑगस्टला, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. वय पस्तिशीला टेकलेलं. अशा दुखापतीत सगळा हंगाम घरी बसायचं हेच शहाणपण. हा गडी १५ डिसेंबरला मैदानात हजर! टचडाउन झेलला, जमिनीवर आदळला आणि त्याच गुडघ्याची वाटी तडकली. एवढी घाई कशासाठी, असं आपल्याला वाटतं. तुमच्यापैकी कितीजणी बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर टाके सुकायच्या आत ओट्याशी उभ्या राहिल्या असतील, त्यांना कदाचित ते कोडं पडणार नाही.

२०१० च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटन गावी, फुटबॉलच्या मानाच्या सभागृहात त्याला स्थान मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यानं मन मोकळं केलं. अपयशाची भीती हेच आपलं इंजिन होतं, असं तो म्हणाला. आणि पुढे असंही की, या सगळ्याचा आनंद घ्यायला आपण कधी थांबलो नाही, सतत कामातच राहिलो, एवढीच एक खंत आहे.

"धाकात वाढला म्हणून एवढा मोठा झाला" असं म्हणायची आपल्याकडे मोठी हौस. जेरीचे वडील कडक होते, शाळेतही शिक्षा झाली, आणि पोरगा शिखरावर पोचला. म्हणजे छडी खरी, असा हिशेब कुणी मांडेल. मला तो अर्धवट वाटतो. धाकानं त्याला पळवलं हे कबूल. पण १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि २०८ टचडाउन खात्यावर जमा असलेला माणूस जेव्हा सांगतो की चव घ्यायची राहून गेली, तेव्हा ती बाजूही वहीत लिहायला हवी की नको? यार्डांच्या यादीत दुसरा आहे लॅरी फिट्झगेराल्ड, त्याच्या नावावर १७,४९२. मधलं अंतर पाच हजारांच्या वर! एवढी आघाडी असूनही मागून कुणीतरी येतंय, असंच जेरीला वाटत राहिलं. रात्री जेवणं उरकल्यावर आपण गार झालेला भात उभ्या उभ्या खातो, त्यातलाच हा प्रकार. संसाराबद्दल सांगायचं तर १९८७ साली लग्न, तीन मुलं आणि २००९ मध्ये घटस्फोट. त्याची कारणं आपण बाहेरच्यांनी शोधू नयेत.

थांबणंही त्याला जड गेलं. २००१ मध्ये खाडीपलीकडच्या ओकलंड रेडर्सकडे तो गेला आणि चाळिसाव्या वर्षी, २००२ च्या हंगामात, त्यानं १,२११ यार्ड काढले. २००४ मध्ये सिअॅटल. तिथे ८० हा आकडा जुन्या काळच्या स्टीव्ह लार्जंटच्या मानार्थ राखून ठेवलेला होता. लार्जंटनं मोठ्या मनानं तो जेरीला वापरू दिला. २००५ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरला गेला तर तिथे पहिल्या तिघांतसुद्धा जागा दिसेना. तेव्हा कुठे, सप्टेंबरात, त्यानं निवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी सान फ्रान्सिस्कोनं त्याच्याशी नावापुरता करार केला, आपला म्हणून निरोप देता यावा म्हणून. त्यात रक्कम लिहिली होती १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. १९८५ हे निवडीचं वर्ष, ८० त्याचा आकडा, ०६ निरोपाचं साल आणि ४९ संघाचं नाव! पैसे अर्थातच द्यायचे नव्हते. पण हिशेबाची ही गंमत मला फार आवडली.

कँटनच्या त्या भाषणाच्या शेवटी त्यानं सांगितलं की मिसिसिपीचा तो मुलगा आता पळायचा थांबला आहे. त्याला इथे जरा उभं राहून श्वास घेऊ द्या. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता.