पेटी उघडण्यापूर्वीच्या कामाचीही मजुरी द्या

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी दवाखाने, शाळा, पतसंस्था आणि मोठी दुकाने येथे संगणक व कॅमेरे तारेने जोडण्याची कामे आता निघतात. या जोडणीच्या मध्यभागी बसतो तो नेटवर्क स्विच. हा स्विच म्हणजे बोर्डावरचा खटका नव्हे. ती एक चपटी लोखंडी पेटी असते. तिला बहुधा २४ किंवा ४८ तारा जोडता येतात आणि ती १९ इंच रुंदीच्या रॅक नावाच्या चौकटीत स्क्रूने कसतात. वायरिंग आणि फॅब्रिकेशन करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांसाठी ही रोजीची चांगली वाट आहे. म्हणूनच आम्हाला दोन गोष्टी स्पष्ट सांगावयाच्या आहेत. कारागिराने जागा तपासल्याशिवाय पेटी उघडू नये, आणि दुकानदाराने ही तपासणी फुकट मागू नये.

पहिली तपासणी अर्थिंगची. पुष्कळ जुन्या इमारतींत सॉकेट तीन भोकांचे असते, पण वरच्या भोकाला तारच नसते. कोठे तर न्यूट्रलचीच तार तेथे जोडून वेळ मारून नेलेली असते. हा जोड जिवावर बेतणारा आहे. मागे कोठे न्यूट्रल तुटला तर पेटीच्या अंगावर २३० व्होल्ट येतात. पेटी रॅकला कसलेली असल्याने सारी चौकटच शॉक देऊ लागते. मल्टिमीटरने फेज व अर्थ यांमध्ये २३० व्होल्ट दाखवले की काम झाले, असे पुष्कळ मिस्त्री समजतात. ते खरे नाही. मीटर नाममात्र करंट घेतो, त्यामुळे कमकुवत अर्थिंगवरही तो आकडा पूर्ण दाखवतो, आणि न्यूट्रलच्या जोडावरही तोच दाखवतो. म्हणून आधी तिसरी तार कोठे जाते ते डोळ्यांनी पाहावे आणि मग अर्थ टेस्टर लावावा. अर्थिंग कसे असावे हे आयएस ३०४३ या भारतीय मानकात दिलेले आहे. जामखेडचा भाग अवर्षणाचा. पावसाळ्यात चांगला ठरलेला खड्डा मे महिन्यात कोरडा पडून निकामी ठरू शकतो. तेव्हा उन्हाळ्यात पुन्हा मोजणी करावी आणि खड्ड्याला पाणी द्यावे.

दुसरी तपासणी हवेची. किती अंश उष्णतेपर्यंत पेटी चालेल हे तिच्या सोबतच्या माहितीपत्रकात छापलेले असते. बऱ्याच पेट्यांची मर्यादा ४० ते ५० अंशांच्या दरम्यान असते. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतच पारा चाळिशी गाठतो. मग पत्र्याखालच्या माळ्यावर, बंद कपाटात काय होईल, याचा विचार करावा. काही स्विच कॅमेऱ्यांना त्याच तारेतून वीजही पुरवतात. २००३ च्या मानकाप्रमाणे अशा एका जोडणीतून १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते, म्हणजे २४ जोडण्यांची बेरीज ३७० वॉटच्या घरात जाते. एवढा भार यूपीएस आणि वायरिंग पेलेल का, हे आधीच पाहावे. पेटीची जाळी ज्या बाजूला असेल ती बाजू भिंतीला चिकटवू नये.

तिसरी तपासणी भिंतीची. जुन्या बाजारपेठांत दगड-मातीच्या भिंती अजून आहेत. अशा भिंतीत फास्टनर धरत नाही, आणि भरलेला रॅक खाली आला तर माणूस जायबंदी होतो. तेथे जमिनीवर टेकणारा लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यावा. यात आपल्याच फॅब्रिकेशनवाल्याला काम मिळते. रॅक भरताना वजनदार वस्तू तळाशी ठेवावी आणि खालून वर भरत जावे. एकच पेटी बसवायची असेल तर तीही खालच्या बाजूस बसवावी.

प्रत्यक्ष बसविताना अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. जड पेटी दोघांनी उचलावी. भिंतीला भोके पाडणे आणि लोखंड कापणे पेटी उघडण्यापूर्वीच उरकावे, म्हणजे लोखंडाचा कीस आत जाणार नाही. पेटीला अर्थची तार सर्वांत आधी जोडावी आणि वीज सर्वांत शेवटी द्यावी. पेटी काढताना याच्या उलट, आधी वीज बंद करावी आणि अर्थची तार शेवटी सोडवावी.

आता प्रश्न पैशाचा. दुकानदार दोन-तीन भाव मागवतो आणि सर्वांत कमी आकड्याला काम देतो. यात तोटा प्रामाणिक कारागिराचा होतो. त्याने खड्डा, स्टँड आणि तपासणी यांचा खर्च धरलेला असतो, म्हणून त्याचा आकडा मोठा दिसतो. ज्याने यातले काहीच धरले नाही, तो स्वस्त ठरतो. व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे की, तपासणीचा भाव वेगळ्या ओळीत मागा. मग कोण काय करणार आणि कोण काय सोडणार, हे कागदावरच दिसेल. आपण माल घेताना वजन-माप पाहतो. येथे तर दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या जिवाचा सवाल आहे.

‘एवढे तांत्रिक काम आमच्या मुलांना कसे जमेल?’ असे काही जण विचारतात. हा प्रश्न निदान जामखेडात तरी विचारू नये. याच गावात १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातील अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रियांनाही आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकविणारा नीट असेल आणि कामाची शिस्त ठरलेली असेल, तर शाळेचे शिक्षण कमी असले तरी अडत नाही, हे या गावाने जगाला दाखविले आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कारागिराने तपासणीचा एक कागद करावा. त्यावर अर्थिंगचा आकडा, खोलीतील उष्णता, भिंतीचा प्रकार, एकूण भार आणि तारीख लिहून सही करावी. एक प्रत मालकाला द्यावी आणि एक रॅकच्या दाराच्या आत चिकटवावी. अर्थिंग नसेल तर तसे लिहून द्यावे, आणि ते झाल्याशिवाय काम हाती घेऊ नये. एखादे काम हातचे गेले तरी चालेल.