एका हातून दुसऱ्या हातीं

आगगाडींत भ्रमणध्वनीवर बोलणाऱ्यास, आपलें संभाषण वाटेंत एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोंपविलें जात आहे, याची जाणीवहि नसते. हातांतील यंत्र मात्र चालू मनोऱ्याच्या व शेजाऱ्यांच्या लहरींचें बळ सतत मोजीत असतें. जीएसएम पद्धतींत तें हा अहवाल सेकंदास सुमारें दोनदां धाडतें. निर्णय मात्र जाळ्याचा.

शेजारी किंचित् सरस दिसतांच बदल केला, तर सीमेवरचें संभाषण चेंडूप्रमाणें इकडून तिकडे फेंकलें जाईल. म्हणून शेजारी कांहीं डेसिबलांनीं सरस असावा, आणि तें आधिक्य क्षणभर टिकावें, असा दंडक आहे. तीन डेसिबल म्हणजे सुमारें दुप्पट शक्ति. परंतु अतिविलंबहि घातकच. गाडी एकाएकीं बोगद्यांत शिरली, कीं बदलाची आज्ञा पोहोंचण्यापूर्वींच जुन्या लहरी लोपतात व धागा तुटतो.

जीएसएममध्यें जुना मनोरा सोडून नवा धरितात. सीडीएमए पद्धतींत नवा धरून मग जुना सोडीत. संसाराचा कारभार पुढील पिढीच्या हातीं देतांना यांतील कोणती रीत पत्करावी, हें आमच्या सुज्ञ वाचकांस आम्हीं सांगावयास नको.