भीतीचं बजेट

मंडळी, या वेळी कोडिंगला सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचा लॅपटॉप मिटला की आम्ही चार-पाच जण जो उद्योग करतो, त्याबद्दल आज लिहिते. आम्ही भीतीच्या छोट्या फिल्म्स बनवतो. पाच ते दहा मिनिटांच्या, फोनवर शूट केलेल्या आणि जुन्या इटालियन भयपटांच्या वळणाच्या. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतंच, "एवढा खर्च कुठून करता?" म्हणून आज हिशेबासकट सांगते. पण आधी आमच्या गुरूंची ओळख करून देते.

मारिओ बावा (१९१४–१९८०). वडील शिल्पकार होते आणि मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याच्या करामतीही करायचे. मारिओ आधी छायालेखक झाले, मग दिग्दर्शक. १९६५ साली त्यांनी अंतराळात घडणारा भयपट केला. इंग्रजीत तो 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स' या नावाने ओळखला जातो. दाखवायचा होता अख्खा परग्रह आणि हाताशी होते प्लास्टिकचे दोन खडक, तेही दुसऱ्या एका पौराणिक चित्रपटातून उरलेले. ही हकीकत बावांनी स्वतःच सांगितलेली आहे. मग आरसे लावून, एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करून त्यांनी त्या दोन खडकांचे डोंगर केले. उरलेली रिकामी जागा धुराने झाकली आणि त्या धुरावर रंगीत दिवे सोडले. आजही ते दृश्य पाहताना अंगावर काटा येतो.

मला यातून एक गोष्ट समजली. पैसा असला की बऱ्याच गोष्टी आपोआप होतात, तो नसला की प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते. उजेड कुठे पडेल, काय दिसेल, काय दिसणार नाही. भीती त्या ठरवण्यातून तयार होते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

या चित्रपटांच्या एका प्रकाराला 'जालो' म्हणतात. जालो म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशन संस्थेने १९२९ पासून पिवळ्या मुखपृष्ठाच्या रहस्यकथा काढल्या आणि पुढे तो रंगच त्या प्रकाराचं नाव झाला. आपल्याकडे आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा जशा भाड्याने आणून एका बैठकीत संपवल्या, तशीच ती पुस्तकं. पडद्यावरच्या जालोत काळे हातमोजे घातलेला खुनी असतो, भडक रंग असतात आणि कानात घुमत राहणारं संगीत असतं. एक इशारा आत्ताच देते, हे चित्रपट प्रौढांसाठी आहेत. लहान भावंडांना घेऊन बघू नका.

आता आमच्या फिल्मकडे येते. एक मुलगी जुन्या शहरातल्या बंद वाड्यात एकटी रात्र काढते. कोणीतरी काळे हातमोजे घालून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतं. पहाटे ती आरशात बघते, तर तिचा चेहरा हळूहळू म्हातारा होत जातो. नऊ मिनिटांची गोष्ट. मुलगी झाली माझी अठरा वर्षांची भाची. वाडा ओळखीतल्यांचा, सध्या रिकामा.

चेहरा म्हातारा कसा करायचा? कॉम्प्युटरवर करता आलं असतं, माझं पोटच कॉम्प्युटरवर चालतं. पण १९५७ च्या 'ई वाम्पीरी'मध्ये बावांनी हेच एका सलग शॉटमध्ये केलं होतं. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा मध्येच सोडून गेले आणि उरलेलं काम छायालेखक बावांनी पूर्ण केलं. युक्ती अशी की चित्रपट कृष्णधवल. चेहऱ्यावर सुरकुत्या रंगवायच्या त्या रंगीत. लाल रेघ लाल उजेडात दिसत नाही, हिरव्या उजेडात तीच काळी दिसते. दिवा बदलला की वय बदललं.

आम्ही लाल रंगासाठी देवघरातलं कुंकू घेतलं, खोबरेल तेलात कालवलं आणि बारीक ब्रशने भाचीच्या कपाळावर, डोळ्यांशी, ओठांच्या कडेला रेघा काढल्या. (कुंकू आधी हाताला लावून बघा, अंगावर उठत नाही ना, आणि डोळ्यांपासून लांब ठेवा.) दोन साधे एलईडी दिवे घेतले, एकापुढे लाल जिलेटिन कागद, दुसऱ्यापुढे हिरवा. दोघांनी एकेक पुठ्ठा धरला. लाल दिवा हळूहळू झाकायचा, त्याच गतीने हिरवा उघडायचा. फोनमध्ये प्रो मोड लावून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स पक्के केले, कारण ऑटोवर ठेवलेला फोन अंधार दिसला की स्वतःच उजेड वाढवतो आणि सगळी मजा घालवतो. नंतर रंग काढून टाकला. वीस सेकंदांच्या शॉटला अकरा टेक लागले. अकराव्या टेकनंतर भाचीने फोनवर स्वतःला बघितलं आणि हळूच म्हणाली, "ही तर आजी आहे."

बाकीची फिल्म रंगीत आहे. तिथे गुरू दारिओ अर्जेंतो आणि त्यांचा 'सुस्पिरिया' (१९७७). त्यांचे छायालेखक लुचियानो तोवोली यांनी दिव्यांपुढे रंगीत मखमल आणि पातळ कागद धरून ते गडद लाल-निळे रंग मिळवले. आपल्या बडोद्यात यासाठी लांब जावं लागत नाही. उत्तरायणानंतर प्रत्येक घरात पतंगाचा कागद उरतोच. निळा कागद दुहेरी धरला की चांदणं, लाल धरला की संकट. फक्त हॅलोजनपुढे कागद धरू नका, पेटेल.

तालमीच्या दिवशी भाचीने विचारलं, "मावशी, या पिक्चरांत दर वेळी मुलगीच का मरते?"

प्रश्न खरा होता. बावांच्या १९६४ च्या एका गाजलेल्या जालोच्या नावाचाच अर्थ आहे, 'खुन्यासाठी सहा बायका'. त्यातले रंग मी पन्नास वेळा बघितले असतील, पण बायकांचं मरण सुंदर सजवून दाखवणं हा या प्रकाराचा भाग आहे, हे नाकारता येत नाही. 'तो काळच तसा होता' हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. आम्ही पटकथा बदलली. आमच्या फिल्ममध्ये कोणी मरत नाही. अर्जेंतोच्या चित्रपटांत खुन्याचे हातमोज्यांतले हात बरेचदा स्वतः अर्जेंतोंचे असतात, आमच्या फिल्ममध्ये ते माझ्या आईचे, म्हणजे भाचीच्या आजीचे आहेत. शेवटी हातमोजे निघतात आणि खाली हिरव्या बांगड्या दिसतात. भीती तीच राहिली, फक्त तिचं कारण बदललं.

आता आवाज. त्या काळी इटलीत आवाज बहुतेक नंतरच भरायचे. एकाच दृश्यात एक नट इंग्रजीत बोलायचा, दुसरा इटालियनमध्ये, आणि डबिंगमध्ये सगळं एक व्हायचं. ही पद्धत आमच्यासारख्या घरांना फार सोयीची आहे. भाचीला मराठी सगळं समजतं, पण विचारलेल्याचं उत्तर गुजरातीत येतं. चारचौघांत मराठी बोलायची तिला लाज वाटते, चुकलं तर हसतील म्हणून. शूटिंगच्या वेळी ती "कोण छे?" म्हणाली. डबिंगला "कोण आहे?" अगदी ओठांवर बसलं.

शेवटचं वाक्य मात्र अवघड होतं. म्हातारा झालेला चेहरा म्हणतो, "हे माझं घर आहे." इथे आम्हाला आजी आणि नात, दोघींचे आवाज एकावर एक हवे होते, एकच बाई बोलते आहे असं वाटावं इतके जुळलेले. स्टुडिओ म्हणजे आमचं कपड्यांचं कपाट. दार उघडं ठेवून, डोक्यावर रजई घेऊन दोघी आत तोंड करून बसल्या. पण भाचीचा 'माझं'मधला झ वेगळा यायचा आणि जोड उघडी पडायची. आई म्हणाली, "अगं, झाडातला झ. 'माझी'तला नको." पाऊण तास ते एकच वाक्य चाललं होतं. कोणी हसलं नाही, कारण कोणी परीक्षा घेत नव्हतं, काम करायचं होतं. शेवटी दोन आवाज असे मिसळले की मलाही वेगळे काढता येईनात.

हिशेब असा: दिवे आणि वायर ९००, जिलेटिन कागद १२०, धुरासाठी ऊद आणि धूप १५०, हातमोजे २५०, सेव-उसळ आणि चहा १,६८०. एकूण ३,१०० रुपये. निम्म्याहून जास्त खर्च पोटावर, आणि तो कमी करायची गरज नाही.

घरच्या घरी सिनेमा करण्यात काही नवीन नाही. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा मुलगा रोहिदास झाला, सरस्वतीबाईंनी फिल्मच्या तांत्रिक कामापासून सगळ्या युनिटच्या स्वयंपाकापर्यंत भार उचलला, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. करामती सगळ्या कॅमेऱ्यातल्या. बावा नंतरचे, आपला माणूस आधीचा.

कोजागिरीला मंडळाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. आता भाचीने पुढच्या फिल्मचे संवाद लिहायला घेतले आहेत, फोनवर, मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आजी सुधारते.

तुम्हाला करायची असेल तर या रविवारी एवढंच करा. घरातली एक खोली निवडा, सगळे दिवे बंद करा आणि एकच दिवा जमिनीवर ठेवा. तो फिरवत राहा आणि ओळखीची खोली कुठल्या जागी अनोळखी होते ते बघा. ती जागा सापडली की तिथे घरातल्या कोणालातरी उभं करा. पुढची गोष्ट त्यांनाच विचारा.