उद्योगाचा प्रमुख कसा असावा?

मोठ्या उद्योगाचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर गार हवेची खोली, दारात उभी मोटार आणि अदबीने वाकणारी माणसे येतात. पण हा झाला पदाचा थाट. होळकरशाहीत आपल्या गावी टाकसाळ होती आणि इथला चांदवडी रुपया दूरवर चालत असे. त्या रुपयाची किंमत नुसत्या छापावर नसे, आतल्या चांदीवरही असे. पद हा छाप आहे. मग प्रमुखाच्या अंगची चांदी कोणती? माझ्या मते, 'नाही' ऐकून घेण्याची ताकद.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे (१८६९–१९५६) उदाहरण घ्या. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीत दोष निघाला. रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटन धरले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान आणि त्यातून कारखाना उभा केला, तर नगरपालिकेला ती जागा हवी झाली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

पण सर्वांत कठीण 'नाही' शेतकऱ्याचे होते. बेळगावात असतानाच त्यांनी लोखंडी नांगर तयार केला होता. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. दुसरा एखादा म्हणाला असता, "या अडाण्यांना काय कळणार!" लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही आणि शेतकऱ्यालाही सोडले नाही. विषाची भीती खोटी होती. पण हंगाम फसला तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते, ही त्यामागची अडचण खरी होती.

कोणी म्हणेल, सर्वांचे ऐकत बसला तर प्रमुख निर्णय कधी घेणार? परंतु ऐकणे म्हणजे मान तुकवणे नव्हे. नकाराचे कारण शोधावे आणि मग आपल्या जबाबदारीवर ठरवावे. ठरलेले चुकले, तर खापर कारकुनाच्या माथी फोडू नये.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांपुरता नाही. आपल्या भागात पतसंस्था, सोसायट्या, कांदा-द्राक्षे पिकवणाऱ्यांच्या कंपन्या आहेत. प्रमुखाभोवती होयबांची गर्दी जमली, की तोट्याची बातमी त्याला सर्वांत शेवटी कळते. बुडते मात्र सभासदाचे भांडवल, आणि तो सभासद बहुधा आपलाच बाप किंवा काका असतो.

मित्रहो, आपल्यापैकी थोडे जण उद्या त्या खुर्चीवर बसतील. पुष्कळ जण तिच्यासमोर उभे राहतील. खुर्चीवरच्याने ऐकावे, हे जितके खरे, तितकेच समोरच्याने बोलावे, हेही खरे. वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर करण्याआधी अहवाल वाचून आपण एक तरी प्रश्न विचारावा. चांगला प्रमुख त्याने रागावणार नाही. आणि रागावला, तर सभासदांना त्याची पारख वेळीच होईल.